घडीचा चाकू घेण्याआधी काय तपासायचं: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

घडीचा चाकू घ्यायचा ठरवलं की पहिला गोंधळ किमतीचा होतो. बाजारात शे-दोनशे रुपयांतही एखादा मिळतो, ऑनलाइन पाचशे-सातशेत डझनभर दिसतात, आणि स्विस किंवा फ्रेंच कंपनीचा बघायला गेलं तर आकडा हजारांत जातो. दिसायला सगळेच चकचकीत. फरक नेमका कुठे आहे आणि आपण पैसे कशाचे मोजतोय, हे सांगणारं मात्र कोणी भेटत नाही. दुकानदाराला वेळ नसतो आणि ऑनलाइन वर्णनात ‘सर्जिकल स्टील’, ‘टॅक्टिकल’, ‘हेवी ड्युटी’ यापलीकडे काही लिहिलेलं नसतं.

मी ठाण्यात राहते, सुट्टीच्या दिवशी डोंगर चढते. ट्रेकच्या ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांना चाकू निवडून देताना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. चाकूची खरी किंमत दोन गोष्टींत असते: पातं किती पातळ घासलंय आणि सांधा किती घट्ट बसलाय. दोन्ही गोष्टी दुकानात उभ्या उभ्या, हाताने आणि डोळ्यांनी कळतात. स्टीलचं नाव, ब्रँड, रंग हे सगळं त्यानंतर.

दुकानात जाताना सोबत काय न्याल

- फ्रिजवर लावतो तसलं छोटं लोहचुंबक
- वर्तमानपत्राचं एक पान
- सहा इंची पट्टी
- मोबाइल (टॉर्चसाठी)
- जुना मऊ सुती रुमाल
- शक्य असेल तर एक सफरचंद. दुकानदाराने कापून बघू दिलं नाही तर घरी आल्या आल्या, बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत कापायचं.

१. आधी काम ठरवा

‘असावा एक’ म्हणून घेतलेला चाकू ड्रॉवरमध्ये पडून राहतो. तुम्ही रोज काय कापणार आहात ते आधी स्वतःशी नक्की करा.

फक्त कुरिअरची खोकी उघडायची असतील तर चाकू घेऊच नका. स्टेशनरीच्या दुकानातला, पुढचा बोथट तुकडा मोडून टाकायचा कटर त्या कामाला जास्त बरा. खोक्याच्या चिकटपट्टीचा गोंद चांगल्या पात्यावर बसतो आणि खोक्याचा पुठ्ठा धार फार लवकर मारतो.

ऑफिसच्या डब्यासोबत पेरू, सफरचंद, काकडी कापायची असेल तर लॉक (उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणारी अडकण) नसलेला, पातळ पात्याचा छोटा चाकू पुरेसा आहे. सहा-सात सेंटीमीटरचं पातं भरपूर झालं. ट्रेकला दोरी कापणं, काठी तासणं, मुक्कामी भाजी चिरणं अशी कामं असतील तर लॉक हवं आणि पातं आठ-साडेआठ सेंटीमीटरपर्यंत चालेल. त्याहून लांब पात्याची गरज मला आजवर वाटलेली नाही.

आणि काम मुख्यतः स्वयंपाकघरातलं असेल, तर म्यानात बसणारी साधी सुरी घ्या. घडी नसलेलं पातं त्याच किमतीत जास्त मजबूत असतं आणि धुवायला सोपं जातं. घडीच्या चाकूचा सगळा नाजूकपणा त्याच्या सांध्यात असतो. गरज नसताना तो विकत घेण्यात अर्थ नाही.

२. कायदा बघून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या आसपासही जात नाही. म्हणून लोक निश्चिंत होतात. पण आपल्याकडे दुसरा एक कायदा जास्त जवळचा आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. या कलमाखाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढतात आणि त्यात शस्त्रं, काठ्या, तलवारी यांच्याबरोबर चाकू बाळगून फिरण्यालाही बंदी असते. तिथे पात्याची लांबी विचारली जात नाही. सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चांच्या दिवसांत ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही आयुक्तालयांत असे आदेश निघतात. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी येते. त्या काळात चाकू घरीच ठेवा.

डोंगरात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. कर्नाळा किल्ल्याची वाट पक्षी अभयारण्यातून जाते. या दोन्ही ठिकाणी जाताना सॅकमधून चाकू काढून ठेवा आणि फळं घरूनच कापून न्या.

बटण दाबताच स्प्रिंगने झटकन उघडणारा, म्हणजे खटक्याचा चाकू घेऊ नका. त्याने पेरू जास्त चांगला चिरला जात नाही, आणि पोलिसांनी बॅग बघितली तर ‘फळं कापायला ठेवलाय’ हे सांगणं अवघड होतं. दिल्लीत तर स्प्रिंगच्या, बटणाच्या, गरारीच्या (दातेरी खटक्याच्या) चाकूंवर १९८० पासून वेगळी अधिसूचना लागू आहे: पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असेल तर तो चाकू त्या अधिसूचनेच्या कक्षेत येतो.

मेट्रो, मॉल, सिनेमागृह यांच्या बॅग तपासणीत चाकू अडकतो. विमानात केबिनच्या बॅगेत नेता येत नाही, चेक-इन सामानात टाकावा लागतो. किल्ल्यांच्या जुडग्यात लावलेला इवलासा चाकू लोक हमखास विसरतात आणि तो विमानतळावरच सोडून यावा लागतो. लोकलने नेत असाल तर खिशाला क्लिप लावून मिरवू नका; डब्याच्या पिशवीत, खाली, गुंडाळून.

३. बंद चाकू हातात घ्या

दुकानदार चाकू उघडून, चमकवून दाखवायला लागेल. त्याला थांबवा आणि बंद चाकू मागा.

वरून बघा: पातं मुठीच्या दोन बाजूंच्या बरोबर मधोमध बसलंय का? थोडं डाव्या-उजव्या अंगाला असेल तर चालतं. एका बाजूला घासत असेल तर सांधा वाकडा बसवलाय, किंवा पातंच वाकलंय.

आता सुती रुमाल मुठीच्या फटीवरून, पात्याच्या टोकाच्या बाजूने फिरवा. एखादा धागा जरी अडकला तरी टोक पूर्ण आत जात नाहीये. असा चाकू खिशात ठेवला की खिसा फाटतो आणि बॅगेत हात घातला की बोट. बोटाने तपासू नका, रुमाल त्यासाठीच नेलाय.

मग चाकू बंदच ठेवून, फटीची बाजू जमिनीकडे करून जोरात झटका द्या. पातं जरासुद्धा बाहेर लटकलं तर तो चाकू परत द्या. बाकी काही तपासायची गरज नाही.

४. सांधा आणि लॉक

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. धार बोथट असेल तर लावता येते, मूठ खराब असेल तर सवय होते. सांधा ढिला किंवा लॉक कच्चं असेल तर ते तुमच्या बोटांवर येतं.

आधी कोणत्या प्रकारचं लॉक आहे ते ओळखा.

*लॉक नसलेला, नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर थांबणारा.* याला स्लिपजॉइंट म्हणतात. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा नेहमीचा ९१ मिलिमीटरचा लाल चाकू याच जातीचा. पाठीवर जोर दिला की पातं मिटतं, आणि तसंच अपेक्षित आहे. फळं, दोरा, पाकीट यासाठी उत्तम. फक्त टोकाने भोसकायचं काम याने कधीही करायचं नाही. उघडताना आणि मिटताना ‘टक’ असा भरीव आवाज आला पाहिजे. आवाजच नसेल तर स्प्रिंग दुबळी आहे.

*पाठीवर दाबायचा तुकडा असलेलं बॅकलॉक.* मुठीच्या पाठीवरचा तुकडा दाबला की पातं सुटतं. उघडल्यावर त्या तुकड्याची आणि पात्याच्या पाठीची पातळी एक झाली पाहिजे. तुकडा थोडा वर उचललेला राहत असेल तर तो खाचेत पूर्ण बसलेला नाही.

*आतल्या पत्र्याचं लायनर लॉक.* हजार-दीड हजारांच्या आतले बहुतेक चाकू याच प्रकारचे. पातं उघडलं की मुठीतला स्टीलचा पत्रा आडवा सरकून पात्याच्या बुडाला टेकतो. टॉर्च लावून मुठीच्या आत बघा. पत्रा पात्याच्या बुडाच्या साधारण एक तृतीयांश ते अर्ध्या जाडीपर्यंत आलेला हवा. नुसत्या कोपऱ्याला चाटून थांबला असेल तर तो जोर आल्यावर सटकेल. उलट नवा कोरा चाकू असूनही पत्रा पार पलीकडच्या भिंतीला टेकला असेल, तर झिजायला पुढे जागाच उरलेली नाही. काही महिन्यांत पातं हलायला लागेल. पत्र्याची जाडीही बघा. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाइतका पातळ असेल तर विश्वास ठेवू नका.

*फिरवायची कडी.* फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीने १९५५ मध्ये आणलेली ही पद्धत. सांध्याभोवती स्टीलची कडी असते. ती फिरवली की पातं अडकतं. बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे नवशिक्याला मी हे आनंदाने सुचवते. फक्त पातं उघडल्यावर कडी फिरवायची सवय लागली पाहिजे, ती आपोआप फिरत नाही.

डावखुऱ्यांनी लक्षात ठेवा: लायनर लॉक बहुतेक वेळा उजव्या हातासाठीच बनवलेलं असतं. बॅकलॉक किंवा कडीचा चाकू दोन्ही हातांना सारखा.

आता तपासणी. चाकू पूर्ण उघडा, एका हाताने मूठ घट्ट धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरून डावी-उजवीकडे हलवा. अगदी हलकं लवचीकपण वेगळं आणि सांध्यात जाणवणारी ‘टिकटिक’ वेगळी. टिकटिक असेल तर विचारा: सांध्याचा स्क्रू आवळता येतो का? ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचा स्क्रू असेल तर आवळून बघायला सांगा. ठोकून बसवलेली खीळ असेल तर तो ढिलेपणा पुढे वाढतच जाणार.

मग पातं वर-खाली हलवा. इथे काहीही हललं तर चाकू नाकारा. आडवी हालचाल सांध्याची असते, उभी हालचाल लॉकची असते.

शेवटी पाठीवरचा दाब, पण फक्त लॉक असलेल्या चाकूला. मूठ अशी धरा की एकही बोट पात्याच्या मिटण्याच्या वाटेत येणार नाही. मुठीच्या दोन बाजूंना तळहात आणि अंगठा, बोटं फटीपासून लांब. पात्याची पाठ काउंटरच्या कडेवर टेकवा आणि हळूहळू जोर वाढवा. लॉक सुटता कामा नये. काही व्हिडिओंमध्ये पाठ टेबलावर आपटून दाखवतात, ते करू नका. आपटल्याने चांगलं लॉकही खराब होतं आणि दुकानदार रागावतो तो योग्यच रागावतो.

हे सगळं करताना तुम्हाला चाकू एका हाताने सहज मिटवता येतोय का तेही बघा. लॉक इतकं कडक असेल की सोडवताना अंगठा घसरतोय, तर तेवढाच धोका उलट बाजूने आहे.

५. पातं: पातळ की पाचर?

नवे लोक इथेच फसतात, कारण जाड पातं मजबूत वाटतं. हातात वजन लागतं, ‘मालात दम आहे’ असं वाटतं. पण चाकूने कापायचं असतं, आणि कापतं ते धारेच्या लगेच मागचं पातं.

चाकू उघडा, टोक स्वतःपासून लांब धरा आणि मुठीकडून पात्याच्या लांबीवरून नजर टाका. पाठीपासून धारेपर्यंत पातं सतत निमुळतं होत गेलेलं दिसलं पाहिजे. बऱ्याच स्वस्त चाकूंत पाठ चार मिलिमीटर जाड असते, ती जाडी अर्ध्या पात्यापर्यंत तशीच येते आणि शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये एकदम उतार देऊन धार काढलेली असते. हा चाकू नाही, लाकूड फोडायची पाचर आहे.

सफरचंद यासाठीच. मधोमध चिरा. पातळ पातं देठापासून बुडापर्यंत शांतपणे उतरतं, फोड ओली आणि गुळगुळीत निघते. जाड पातं अर्ध्यावर जातं आणि मग ‘कटकन’ आवाज करत सफरचंद फुटतं. फोडीच्या अर्ध्या भागावर कापल्याची खूण आणि अर्ध्या भागावर फाटल्याचा खरबरीतपणा दिसतो. दोन्ही चाकूंना सारखीच धार असली तरी हा फरक राहतो. धार लावून तो जात नाही, पूर्ण पातं नव्याने घासावं लागेल. कच्च्या कैरीवर किंवा गाजरावर हा फरक आणखी स्पष्ट दिसतो.

फळं आणि रोजच्या कामासाठी पाठीजवळ दोन ते अडीच मिलिमीटर जाडी पुरते. ट्रेकसाठी तीन मिलिमीटर.

मग धार. टॉर्च वरून मारा आणि धार सरळ डोळ्यांसमोर धरा. चांगली धार दिसतच नाही. जिथे बारीक चमकता ठिपका दिसतो तिथे ती बोथट आहे किंवा चेपली आहे. ठिपका पात्याच्या मध्यावर असेल तर चाकू मिटताना धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आहे. हळू मिटवा, झटक्याने मिटवा, दोन्ही करून बघा आणि पुन्हा टॉर्च मारा. हा दोष दुरुस्त होत नाही.

वर्तमानपत्राचं पान एका हातात धरून कडेपासून कापा. अडखळत असेल तर कुठे अडखळतंय ते बघा. नव्या चाकूची धार सगळीकडे सारखीच थोडी बोथट असणं हा मोठा दोष नाही, पंधरा मिनिटांत दगडावर लागते. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद अशी तिरकी धार काढलेली असेल तर मात्र कारखान्यात घाई झालेली आहे.

करवतीसारखे दाते असलेलं पातं टाळा. घरच्या दगडावर त्याला धार लागत नाही.

६. स्टील: चुंबक आणि नाव

भांड्यांच्या दुकानात आपण चुंबक लावतो आणि चिकटलं नाही तर ‘चांगलं स्टील’ म्हणतो. चाकूला हा नियम उलटा आहे. चाकूचं पातं तापवून, विझवून कडक करावं लागतं आणि असं कडक होणारं स्टील चुंबकाला चिकटतं. ज्या स्टीलची ताटं-वाट्या बनतात ते तसं कडक होत नाही. म्हणून पात्याला चुंबक चिकटलं नाही तर तो चाकू धार धरणार नाही. चिकटलं म्हणजे चाकू चांगलाच आहे असंही नाही. पहिली चाळणी पार पडली एवढंच.

विक्रेता ‘एकदम स्टेनलेस आहे ताई, कधी गंजणार नाही’ म्हणाला की पुढचा प्रश्न विचारा: ‘दादा, स्टीलचा नंबर काय?’ पात्यावर किंवा खोक्यावर तो छापलेला असायला हवा.

‘४२०’ किंवा ‘३सीआर१३’ असेल तर स्टील मऊ आहे. गंज कमी धरतं, धार लवकर जाते, पण लवकर लागतेही. कमी किमतीत हे चालेल. ‘८सीआर१३एमओव्ही’ हे चिनी स्टील मधल्या किमतीत चांगला सौदा असतं. ‘१२सी२७’ आणि ‘१४सी२८एन’ ही स्वीडनची स्टीलं. यातलं १४सी२८एन मला आपल्या हवेसाठी फार आवडतं, कारण धार टिकते आणि गंजालाही सहजासहजी दाद देत नाही. नुसतं ‘४४०’ लिहिलं असेल तर सावध व्हा: ४४०ए आणि ४४०सी यांच्यात कार्बनच्या प्रमाणाचा बराच फरक आहे आणि पुढचं अक्षर गाळण्यामागे सहसा कारण असतं. ‘सर्जिकल स्टील’ या शब्दाने कोणतंही एक स्टील कळत नाही.

‘डी२’ बद्दल विशेष सांगते, कारण ऑनलाइन त्याचं फार कौतुक होतं. धार खरंच खूप टिकते. पण ते पूर्ण स्टेनलेस नाही. वाशी, ऐरोली, बेलापूर अशा खाडीकाठच्या हवेत, जुलै-ऑगस्टमध्ये ओलं ठेवलं तर ठिपके पडतात. साधं कार्बन स्टील तर कैरी किंवा लिंबू कापल्यावर काही मिनिटांत करडं पडतं. तो करडा थर अपायकारक नाही, पण लालसर गंज आणि तो थर यातला फरक कळेपर्यंत नवशिक्याने स्टेनलेसच घ्यावं.

कडकपणाचा आकडा, एचआरसी, दिलेला असेल तर ५५ ते ५७ म्हणजे घरी धार लावायला सोपं, ५८ ते ६० म्हणजे धार जास्त टिकणारं. व्हिक्टोरिनॉक्स स्वतः ५६ च्या आसपास ठेवते आणि लोक वर्षानुवर्षं ते चाकू वापरतात, तेव्हा आकड्याच्या मागे धावायचं कारण नाही.

पात्यावर लाटांची नक्षी दाखवून ‘दमास्कस’ म्हणून विकलं जातं. पात्याची पाठ बघा. खऱ्या थरांच्या पोलादात नक्षी पाठीवरूनही गेलेली दिसते. बाजूंवर आहे आणि पाठ कोरी आहे, तर ती नुसती छापलेली आहे.

७. मूठ

आपल्या दमट हवेत तळहात ओला असतोच, त्यामुळे आरशासारखी गुळगुळीत धातूची मूठ नको. नायलॉन, फायबर किंवा खरबरीत प्लास्टिक उत्तम. लाकूड हाताला सगळ्यात छान लागतं, पण पावसाळ्यात फुगतं. लाकडी मुठीचा चाकू जूनमध्ये उघडताना नखं दुखवतो आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मोकळा होतो.

मुठीच्या पोटात बघा: आरपार मोकळी आहे का? फळांसाठी घेत असाल तर हे महत्त्वाचं. आंब्याचा रस सांध्यात राहिला की सकाळी चाकूभोवती मुंग्यांची रांग लागलेली असते. मोकळी मूठ नळाखाली धुता येते.

शिट्टी, होकायंत्र, एलईडी, काच फोडायचं टोक असं सगळं एकाच मुठीत असेल तर पैसे पात्यावर खर्च झालेले नाहीत.

८. नकली माल आणि ऑनलाइन खरेदी

व्हिक्टोरिनॉक्सची नक्कल सर्रास मिळते. मुख्य पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव, ‘स्विस मेड’ आणि ‘स्टेनलेस, रॉस्टफ्राय’ अशी बारीक, स्वच्छ अक्षरं कोरलेली असतात. नकलीत ती पुसट किंवा वाकडी असतात, किंवा नसतातच. चाकू आडवा धरून प्रकाशात बघा: पात्यांच्या थरांमधून उजेड आरपार येत असेल तर नकली समजा. प्रत्येक हत्यार उघडा, प्रत्येक ‘टक’ सारखा लागला पाहिजे.

परदेशी माल पाकिटात विकताना आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला ते आणि कमाल किरकोळ किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्या नावाचा चाकू आणि खोक्यावर आयातदाराचं लेबलच नाही, तर बोलणंच संपलं.

ऑनलाइन मागवत असाल तर वर्णनाच्या पानाचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, विशेषतः स्टीलच्या नंबरचा आणि बदलून देण्याच्या अटीचा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या. परीक्षणं वाचताना पाच ताऱ्यांची सोडा. तीन ताऱ्यांची वाचा आणि त्यात ‘हलतंय’, ‘मिटत नाही’, ‘गंज आला’ हे शब्द शोधा.

९. बिल

रस्त्यावरच्या गाड्यावर घेतला तरी वरच्या तपासण्या करा, पण हजाराच्या वरचा चाकू पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. बिलावर मॉडेलचं नाव हवं, नुसतं ‘चाकू – १ नग’ नको. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. दोष निघाला आणि विक्रेता दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल, स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तिथे उपयोगी पडतात.

१०. पहिला आठवडा

घरी आल्यावर चाकू कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुवा, कारखान्याचं तेल आणि धातूची पूड निघून जाते. पूर्ण कोरडा करा, उघडा ठेवून पंख्याखाली. मग सांध्यात तेलाचा एक थेंब. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल घालू नका, काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं. ते खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं आणि एक बाटली काही वर्षं पुरते.

या आठवड्यात चाकू मुद्दाम रोज वापरा आणि रोज रात्री पात्याची वर-खालची हालचाल पुन्हा तपासा. नव्या चाकूतला सांध्याचा दोष बहुधा याच दिवसांत बाहेर येतो आणि बदलून घ्यायची मुदतही तेवढीच असते.

पहिल्यांदा धार गेली की सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे चाकू देऊ नका. कोयत्याला, विळीला ते ठीक आहे. इतकं बारीक पातं त्या वेगात तापतं, धारेजवळ निळसर-जांभळट डाग पडतो आणि तेवढ्या भागाचा कडकपणा गेलेला असतो. हजार ग्रिटचा (मध्यम बारीक दाण्याचा) एक दगड घ्या. तोवर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची खरबरीत कड असते, ती चालते: कप उलटा ठेवा, पातं कपाच्या कडेवर साधारण वीस अंशांत टेकवा आणि धार पुढे ठेवून, कपाचा पातळ काप काढतोय असा हलका हात फिरवा. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आठ-दहा वेळा. मग पुन्हा वर्तमानपत्राचं पान.